एकच नकाशा, तेरा दिल्ल्या: सिव्हिलायझेशन ५ च्या सामायिक डावाचा अनुभव

सिव्हिलायझेशन ५, म्हणजे टर्न-टर्नने (पाळीपाळीने) आपला देश वाढवत न्यायचा संगणकावरचा खेळ, मी बरीच वर्षं खेळते आहे, पण एकटीच. किंग या अवघडपणाच्या पातळीवर डाव निवांत जिंकायचे. एक पायरी वर, एम्पररला गेलं की दीडशेव्या टर्नच्या आसपास एक तर कुणीतरी सैन्य घेऊन दारात यायचं, नाही तर विज्ञानात सगळे पुढे निघून जायचे. मग नवा नकाशा. एकट्याने खेळण्यात ही मोठी सोय असते. डाव फसला की नकाशावर ढकलायचं आणि मोकळं व्हायचं.

जूनच्या सुरुवातीला ओळखीच्या एका खेळाडूने सामायिक डावाबद्दल सांगितलं. कल्पना सोपी आहे. एक जण डाव सुरू करून पहिल्या टर्नची सेव्ह फाइल सगळ्यांना पाठवतो. नेता, नकाशा, शेजारी, पातळी सगळं तेच. प्रत्येकाने आपापल्या वेळेनुसार खेळायचं आणि टर्न ५०, १००, १५०, २०० ला थांबायचं. थांबलं की टिपण लिहून सेव्ह फाइलसकट पाठवायचं. सगळ्यांची टिपणं आली की ती एकदम उघडायची, आठवडाभर चर्चा करायची आणि मग पुढे. कोण आधी जिंकलं याला महत्त्व नाही. कुणी काय ठरवलं आणि का, एवढंच बघायचं.

मी होकार द्यायला चार-पाच दिवस घेतले. खेळायची भीती नव्हती. आपला डाव कुणीतरी उघडून बघणार, कुठल्या शहरात काय बांधलं ते वाचणार, हे जरा अंगावर येत होतं. हे लिहिण्याचं कारणही तेच. तुम्हीही कडेला उभे राहून विचार करत असाल, तर आत गेल्यावर काय काय होतं ते आधी कळलेलं बरं.

आम्ही तेरा जण होतो. डाव मांडणारे वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळे त्यांना काकाच म्हणायचे. नियम त्यांनी आधीच लिहून दिले होते: मोड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) बंद, सेव्ह मागे घेऊन पुन्हा खेळायचं नाही, आणि चुकून भलतीकडे क्लिक झालं किंवा गेम बंद पडला तर मागे जायला हरकत नाही, पण टिपणात तशी नोंद हवी. डाव सुरू करताना ‘न्यू रँडम सीड’ हा पर्याय त्यांनी बंद ठेवला होता. तो बंद असला की मागे जाऊन तीच चाल त्याच क्रमाने खेळली तर लढाईचा निकालही तोच लागतो, त्यामुळे नशीब पुन्हा आजमावायचा मोहच होत नाही.

पहिला आठवडा फाइल उघडण्यातच गेला. सेव्ह फाइल बनवताना जे विस्तार (मूळ गेमला जोडायचे, वेगळे विकत घ्यायचे भाग) आणि जादा पॅक चालू असतात, ते तुमच्याकडे नसले तर ती उघडत नाही. काकांच्या पहिल्या फाइलमध्ये एक-दोन जादा संस्कृतींचे पॅक चालू राहिले होते, त्यामुळे निम्म्या लोकांकडे ती उघडेना. मग त्यांनी फक्त दोन मोठे विस्तार ठेवून, म्हणजे २०१२ चा ‘गॉड्स अँड किंग्ज’ आणि २०१३ चा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, नवी फाइल केली. ज्यांच्याकडे नुसता २०१० चा मूळ गेम होता, त्यांना विस्तार घ्यावे लागले. पैशाचा खर्च काय तो एवढाच, आणि जुना गेम असल्याने सेलमध्ये सगळं एकत्र स्वस्तात मिळतं, तेव्हा घाई करू नका. फाइल ठेवायची जागा: डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात सिव्हिलायझेशन ५ चा फोल्डर, त्यात सेव्ह्ज, त्यात सिंगल. आणि खेळायला बसण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ऑटोसेव्ह दर टर्नला होईल असं करून ठेवा. टिपण लिहिताना ‘बत्तिसाव्या टर्नला मी नेमकं काय बघून हे ठरवलं’ असा प्रश्न पडतो, तेव्हा ती जुनी सेव्ह उपयोगी पडते.

नेता होते गांधी, म्हणजे भारत. निवड मुद्दाम केलेली होती. या गेममध्ये साधारणपणे प्रत्येक शहरामागे ३ आणि प्रत्येक नागरिकामागे १ अशी नाराजी धरली जाते, आणि ती देशाच्या खुशीतून वजा होते. भारताला शहरामागची नाराजी दुप्पट आणि नागरिकामागची निम्मी. म्हणजे शहर वसवलं की ६ गेले, पण नंतर लोकसंख्या वाढत गेली तरी भार कमी. हिशेब मांडला तर ६ लोकसंख्येच्या शहरात दोन्ही बाजू सारख्या होतात: इतरांचे ३ अधिक ६, आपले ६ अधिक ३. त्याच्या वर भारत फायद्यात, खाली तोट्यात. हे वर्णन मी गेममध्ये कितीदा वाचलं असेल, पण कागदावर आकडे पहिल्यांदाच मांडले. टिपणात लिहायचं होतं ना.

आता पहिला टर्न. सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारं पथक, नदीकाठी सपाट जमिनीवर उभा. शेजारी रेशीम, थोडं पुढे गहू. वॉरियर नकाशावरचं एक घर सरकवला तर डावीकडे टेकडी दिसली आणि टेकडीला लागून डोंगर. टेकडी मात्र नदीपासून एक घर लांब. मी खुर्चीत मागे रेलून बराच वेळ नुसती स्क्रीन बघत होते. जागेवरच शहर वसवलं तर टर्न वाचतो, पुढे वॉटर मिल बांधता येते, आणि नदीमुळे गार्डनही, ज्याने महान व्यक्ती २५ टक्के लवकर मिळतात. टेकडीवर गेलं तर शहराच्या घराचं उत्पादन एकाऐवजी दोन, बचाव चांगला, आणि डोंगर खेटून असल्यामुळे अॅस्ट्रॉनॉमी आल्यावर ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे त्या शहराच्या विज्ञानात ५० टक्के वाढ. एक फायदा आज मिळणारा, दुसरा शंभराहून जास्त टर्नांनी. मी टेकडीवर गेले. टिपणात लिहिलं: ‘एक घर सरकले. कारण: डोंगर, उत्पादन. किंमत: एक टर्न, नदी.’

टिपण असंच लिहायचं, ही काकांची पहिली सूचना होती. काय केलं, का केलं, त्यासाठी काय सोडलं. आणि निकाल लागायच्या आत लिहायचं, कारण नंतर लिहिलं की प्रत्येक निर्णय शहाणपणाचा दिसायला लागतो. मी शेजारी वही उघडी ठेवून खेळत होते. सुरुवातीला कंटाळा येतो, कारण दहा मिनिटांत संपणाऱ्या टर्नांना अर्धा-पाऊण तास लागतो. विसाव्या टर्नपर्यंत सवय होते.

पन्नासाव्या टर्नला थांबणं हे एम्पररपेक्षा अवघड आहे. ‘अजून एकच टर्न’ म्हणून पहाट करणाऱ्या खेळात पन्नास आकडा दिसला की हात मागे घ्यायचा! वर, बाकीच्यांची टिपणं येईपर्यंत पुढे सरकायचं नाही. कुणाच्या परीक्षा, कुणी प्रवासात. पहिला थांबा जूनअखेर होणार होता, तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. दरम्यान मी स्वतःचीच सेव्ह उघडून नुसती बघत बसायचे. एरवी आपण टर्न संपवायच्या घाईत असतो, कुठल्या नागरिकाने कुठलं घर कसायला घेतलंय हे कोण बघतं? इथे बघायला वेळच वेळ होता.

टिपणं उघडली तो दिवस म्हणजे परीक्षेनंतर मैदानात उभं राहून उत्तरं जुळवण्यासारखा. तेरापैकी आठ जणांनी दिल्ली जागेवरच वसवली होती, चौघांनी टेकडीवर. एक जण चक्क दोन टर्न चालत समुद्रकाठी गेला होता. शहरं दोनपासून पाचपर्यंत. पाच शहरंवाल्याची खुशी अर्थातच शून्याखाली गेली होती. शून्याखाली गेलं की शहरांची वाढ पावपट होते, म्हणजे पाच शहरं असून पाचही खुरटलेली. पण त्याचं कारण वाचण्यासारखं होतं: तिकडे मीठ आणि संगमरवर होतं आणि शाका, म्हणजे संगणक खेळवत असलेला झुलू राजा, तिथे पोचण्याआधी जागा धरायची होती. हे शाकाचं प्रकरण मला तोवर माहीतच नव्हतं. माझा स्काउट (टेहळ्या) उत्तरेला गेला होता, शाका दक्षिणेला.

माझी शहरं तीन. नाराजीचा हिशेब मी टिपणात सविस्तर दिला होता, तो इथेही देते, कारण भारत घेऊन खेळणाऱ्या कुणालाही तो लागेल. शहरं तीन, म्हणजे १८. लोकसंख्या ६, ३ आणि २, मिळून ११, तिची निम्मी साडेपाच. एकूण साडेतेवीस. जमेच्या बाजूला प्रिन्स आणि वरच्या पातळ्यांवर मुळातले ९, आणि प्रत्येक वेगळ्या चैनीच्या वस्तूमागे ४. तीन वस्तू असतील तर २१, म्हणजे अडीच कमी. चौथी वस्तू आली की सुटलो. त्यामुळे भारतासाठी खरा प्रश्न ‘सेटलर कधी’ हा नसून ‘पुढची वस्तू कुठून’ हा आहे. माझ्याकडे रेशमाची दोन घरं होती. एक रेशीम शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडून मसाले घेतले. ही अदलाबदल करणारे तेरांत फक्त पाच जण निघाले. बाकीच्यांनी जादा रेशीम सोन्यासाठी विकलं होतं किंवा तसंच पडू दिलं होतं. एकटी खेळत असते तर यात बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नसतं.

आमच्यात एक कॉलेजमधली मुलगी होती, तिची टिपणं सगळ्यांत चांगली. ती दर थांब्याला डेमोग्राफिक्सच्या, म्हणजे आपली इतर देशांशी तुलना दाखवणाऱ्या पानाचे आकडे द्यायची. ते पान मी कधी उघडायचे ते फक्त आपण कितवे हे बघायला. तिने दाखवलं की तिथली ‘साक्षरता’ म्हणजे प्रत्यक्षात किती तंत्रज्ञान मिळवलं त्याची टक्केवारी आहे. त्यामुळे जगातला सगळ्यांत पुढचा देश आपल्यापेक्षा किती पुढे आहे, हे त्याला भेटलेलं नसतानाही कळतं. सैन्याचा आकडा बघितला की शाका येणार की नाही याचाही अंदाज बांधता येतो. मी तिला विचारलं, ‘अगं, हे कुठे शिकलीस?’ तर म्हणाली, ‘ताई, थांब्यावर करायला दुसरं काही नव्हतं.’

पन्नास ते शंभर हा टप्पा माझ्या मते सगळ्या डावाचा गाभा आहे. नॅशनल कॉलेज कधी, हा एकच प्रश्न. ते बांधायला प्रत्येक शहरात लायब्ररी लागते, आणि ते उभं राहिलं की त्या शहराचं विज्ञान दीडपट होतं, वर ३ जादा. म्हणून नवं शहर वसवलं की कॉलेज लांबतं, कारण तिथे आधी लायब्ररी हवी. तेरा जणांत तीन गट पडले. काहींनी दोन शहरांवरच कॉलेज उरकलं, मग पसरले. काहींनी चार शहरं वसवली, चारी लायब्ररी विकत घेतल्या आणि मग कॉलेज. मी मधली: तीन शहरांवर कॉलेज, मग चौथं शहर. शंभराव्या टर्नला विज्ञानाचे आकडे २५ पासून ६० पर्यंत पसरले होते. वरचे तिघे तीन वेगवेगळ्या गटांतले होते! त्यांच्यात सारखं होतं ते दुसरंच. तिघांनीही ट्रॅडिशनचं धोरण पूर्ण केलं होतं आणि तिघांनीही दिल्लीला आपल्याच दुसऱ्या शहराकडून कॅरॅव्हॅनने धान्य पोचवलं होतं. मी कॅरॅव्हॅन सोन्यासाठी परदेशी पाठवत होते. भारताला लोकसंख्या स्वस्त पडते, तर धान्य आधी, हे पटायला त्यांच्या फाइली उघडून दिल्लीची लोकसंख्या बघावी लागली. नुसतं वाचून पटलं नसतं.

शाका बहुतेकांकडे नव्वद ते एकशेदहाच्या दरम्यान आला. दोघांची शहरं गेली. माझ्याकडे त्याचे इम्पी (झुलू भालाईत) टेकडीखाली आले तेव्हा दिल्लीत भिंत होती, दोन काँपोझिट बोमन (तिरंदाज) होते आणि एक युद्धहत्ती. हत्ती रथाच्या जागी येतो, घोडे लागत नाहीत आणि लांबून मारा करतो, त्यामुळे ज्याच्याकडे घोडे नाहीत त्याची सोय होते. वीसेक टर्न बांधकाम ठप्प झालं, पण शहर राहिलं. कॉलेजच्या मुलीकडे युद्ध झालंच नाही. तिने सैन्याचा आकडा चढताना बघितला, शाकाला रेशीम आणि थोडं सोनं देऊन पलीकडच्या शेजाऱ्यावर सोडलं आणि स्वतः युनिव्हर्सिटी बांधत बसली. गांधींच्या नावाने, तेही अगदी शांतपणे. तिच्या टिपणात यावर एकच ओळ होती: ‘शाकाला काम दिलं.’

या टप्प्यावर तिघे गळाले. एकाचा डाव बुडाला, दोघांना वेळ जमेना. डाव बुडालेला मात्र टिपणं वाचायला आणि प्रश्न विचारायला शेवटपर्यंत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याचे प्रश्न सगळ्यांत बोचरे असायचे.

दीडशेचा थांबा ऑगस्टच्या मध्यावर आला, आणि तिथे पहिल्या टर्नची टेकडी पुन्हा चर्चेला आली. ऑब्झर्व्हेटरीवाल्यांची दिल्ली विज्ञानात स्पष्ट पुढे होती. नदीवाल्यांचं म्हणणं, आमची लोकसंख्या जास्त आहे आणि गार्डनमुळे महान शास्त्रज्ञ लवकर येणार. दोन दिवस वाद चालला. काकांनी मग सगळ्यांच्या फाइली उघडून एक गोष्ट दाखवली: युनिव्हर्सिटीत शास्त्रज्ञांच्या दोन जागा असतात आणि निम्म्याहून जास्त लोकांच्या त्या रिकाम्या होत्या. शहराचा कारभार आपोआप चालू ठेवला की गेम बहुधा नागरिकांना शेतावर पाठवतो. शहराच्या पडद्यावर जाऊन ‘मॅन्युअल स्पेशॅलिस्ट कंट्रोल’वर खूण करायची आणि दोन माणसं हाताने बसवायची, झालं. टेकडी की नदी यावर लोक तावातावाने भांडत होते आणि जागा भरलेले नदीवाले जागा न भरलेल्या टेकडीवाल्यांच्या पुढे होते. माझं मत विचाराल तर टेकडी अजूनही बरोबर, पण फरक मला वाटत होता तेवढा मोठा नाही.

दोनशेचा थांबा घाईतच उरकला. पब्लिक स्कूल, कारखान्यांसाठी कोळसा, विचारसरणी कुठली घ्यायची. सगळ्यांचा रस्ता तोवर ठरून गेलेला असतो. पुढचा काळ तर नुसता वेळखाऊ आहे. संगणकाचे देश आपापल्या चाली करत असतात आणि आपण वाट बघत बसतो. जुन्या मशीनवर खेळणाऱ्यांनी एफ-१० दाबून स्ट्रॅटेजिक व्ह्यू चालू करावा आणि ‘क्विक मूव्हमेंट’, ‘क्विक काँबॅट’ घ्यावं, बराच फरक पडतो. दुसरी एक सूचना शेवटासाठी: महान शास्त्रज्ञ खर्च केला की गेल्या आठ टर्नांत जेवढं विज्ञान झालं तेवढं एकदम मिळतं. म्हणून उत्तरार्धात मिळणारे शास्त्रज्ञ जपून ठेवायचे, प्लास्टिक्स आलं की रिसर्च लॅब बांधून घ्यायच्या, आठ टर्न जाऊ द्यायचे आणि मग एकामागून एक खर्च करायचे. आमच्यातल्या पाच जणांनी तसं केलं, आणि विज्ञानाच्या वाटेने जिंकायला लागणारे अवकाशयानाचे सहा भाग त्यांचेच आधी जुळले. तीन बूस्टर, कॉकपिट, इंजिन आणि स्टॅसिस चेंबर.

माझं यान टर्न तीनशेच्या थोडं अलीकडे उडालं. दहांत सातवी. दोघांच्या डावात दुसराच देश डिप्लोमसीने आधी जिंकला, एकाने वेळ नाही म्हणून २४० ला सोडलं. सप्टेंबर संपता संपता शेवटची टिपणं आली.

तुम्हाला असा डाव मांडायचा असेल तर थोडं सांगते. माणसं आठ ते बारा पुरेत, कारण त्याहून जास्त टिपणं कुणी वाचत नाही. थांब्याच्या तारखा लिहून द्या आणि प्रत्येक तारखेनंतर आठवडाभराची ढील गृहीत धरा. पहिल्या टर्नला खरोखर दोन पर्याय असतील असाच नकाशा निवडा. सगळ्यांनी एकच केलं तर पन्नासाव्या टर्नला बोलायला काही उरत नाही. पातळी सगळ्यांच्या नेहमीच्या पातळीपेक्षा एकच पायरी वर. डेइटी ही सगळ्यांत अवघड पातळी नको, तिथे संगणकाच्या देशांना सुरुवातीलाच दुसरा सेटलर मिळतो आणि सगळा वेळ जीव वाचवण्यात जातो. टिपणाचा साचा आधी द्या: शहरं, लोकसंख्या, विज्ञान, सोनं, खुशी, धोरणं, आणि तीन निर्णय कारणांसकट. आणि पहिली फाइल सगळ्यांना पाठवायच्या आधी एकाकडे उघडून बघा.

पुढचा डाव जानेवारीत आहे. नेता अजून ठरलेला नाही. काकांनी फाइल बनवायचं काम या खेपेला कॉलेजच्या मुलीकडे दिलंय, आणि तिने आत्तापासून एवढंच कळवलंय की शेजारी दोन असतील आणि दोन्ही चांगले नसतील.